मुळाचं टोक तुटल्यावर संत्र्याचं झाड काय करतं?

काटोल तालुक्यातल्या एका बागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. नागपुरी संत्र्याची बारा वर्षांची बाग, जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेली, जमीन भारी काळी. दरवर्षी आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलांसाठी, पाणी तोडून ताण देताना ते झाडाखालून वखर खोल चालवतात आणि खत खोडाजवळच्या आळ्यात टाकतात. यंदा पाऊस ओसरल्यावर आलेली नवी पालवी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. झाडाखाली उकरून पाहिलं तर बारीक मुळ्यांची साल बोटांत निघून येते आणि आतला दोरा हातात राहतो. मुलगा बारावी विज्ञानाला आहे. तो म्हणतो, मूळ फक्त टोकाला वाढतं. तेव्हा त्यांनी विचारलंय: हे टोक नेमकं काय करतं, तुटलं तर परत येतं का, आणि पानांच्या पिवळेपणाचा त्याच्याशी काही संबंध आहे का?

भाऊ, संबंध आहे आणि तो थेट आहे. तुमच्या झाडाची मुळं वावरात कितीही पसरलेली असली तरी लोह, कॅल्शियम आणि स्फुरद (फॉस्फरस) घेण्याचं बरंचसं काम प्रत्येक बारीक मुळीच्या शेवटच्या काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर भागातच होतं. त्याच्या मागचं जाड, तपकिरी मूळ झाडाला धरून ठेवतं, पाणी वर नेतं, अन्न साठवतं, पण जमिनीतून नवं फारसं घेत नाही. म्हणून बागेत आपण जे काही करतो, वखरणी, ताण, पाणी, खत, ते या टोकांना मानवतं का, हे मी आधी पाहतो. माझं आयुष्य वनस्पतींची शरीरक्रिया शिकवण्यात आणि काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड भागातल्या बागांमध्ये मुळं उकरून बघण्यात गेलं. आजारी बागेत सगळे पानांकडे बघतात. खाली बसून मूठभर माती उचलणारा माणूस क्वचित भेटतो. तुम्ही ते केलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मुलाचं म्हणणं घरीच तपासता येतं. चणे भिजवून ओल्या कापडात मोड आणा. मोड दोन-तीन सेंटिमीटरचा झाला की टोकापासून मागे एकेक मिलिमीटरवर बारीक पेनाने शाईच्या खुणा करा आणि तो परत ओल्या कापडात उभा ठेवा. दुसऱ्या दिवशी दिसेल की मागच्या खुणा होत्या तितक्याच अंतरावर आहेत आणि टोकाजवळच्या खुणा एकमेकींपासून लांब गेल्यात. जर्मन शास्त्रज्ञ युलियस झाक्स यांनी एकोणिसाव्या शतकात घेवड्याच्या जातीच्या मुळांवर हेच केलं होतं. मूळ मागून ढकललं जात नाही. टोकाच्या लगेच मागचा छोटा पट्टा लांबतो आणि टोक पुढे सरकतं. जो भाग एकदा मागे पडला तो जागचा हलत नाही, फक्त जाड होतो.

आता या टोकाच्या आत काय आहे ते बघू. अगदी पुढे मूलटोपी असते. तिच्या बाहेरच्या पेशी मातीवर घासून सतत सुटत राहतात आणि आतून नव्या तयार होतात. त्या बुळबुळीत चिकट द्रव सोडतात. त्यामुळे टोक मातीच्या कणांतून सरकतं आणि भोवतीची माती थोडी ओली राहते. सुटलेल्या पेशीही लगेच मरत नाहीत. कपाशी, मका, वाटाणा यांच्या एकेका टोकावरून दिवसाला हजारो जिवंत पेशी मातीत पडतात, आणि त्यांच्यामुळे काही रोगजंतू टोकापर्यंत पोचण्याआधीच अडकतात. झाड आपल्या अन्नातला बराच वाटा असा मातीत सोडून देतं, हे शेतकऱ्यांना सांगितलं की नवल वाटतं. पण हा खर्च वाया जात नाही.

टोपीच्या मागे विभाजी ऊती आहे. तिथे पेशी विभागून नव्या होतात. तिच्या मधोमध पेशींचा एक छोटा गट असा आहे की तो जवळजवळ स्वस्थ बसलेला असतो. ऑक्सफर्डच्या क्लोव्ज यांनी १९५० च्या दशकात मक्याच्या मुळात तो दाखवून दिला. टोपी तयार करणाऱ्या पेशी साधारण १२ तासांत एकदा विभागतात, आणि या स्वस्थ गटातल्या पेशींना १७० तासांच्या आसपास लागतात. वाढीच्या ऐन केंद्रात न वाढणाऱ्या पेशी कशाला, असा प्रश्न पडेल. त्या राखीव आहेत. टोपी खरचटून निघाली किंवा आजूबाजूच्या विभागणाऱ्या पेशी मेल्या, तर हा गट जागा होतो, विभागू लागतो आणि टोक पुन्हा घडवतो. तुमच्या प्रश्नातल्या ‘तुटलं तर परत येतं का’ याचं अर्धं उत्तर इथे आहे. जखम अगदी शेंड्यापुरती असेल तर काही दिवसांत तेच टोक दुरुस्त होतं. वखराच्या पासीने मूळ दोन-चार इंच मागून कापलं तर हा राखीव गटच वावरात पडतो. त्या वेळी झाडाला दुसरा मार्ग घ्यावा लागतो, तो पुढे सांगतो.

विभाजी ऊतीच्या मागे लांबण्याचा पट्टा. इथल्या पेशी पाणी आत घेतात, त्यांची रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी, फुगते, भिंत सैल पडते आणि पेशी आधीच्या कितीतरी पट लांब होते. मूळ मातीत घुसतं ते या पाण्याच्या दाबावर. म्हणजे पेशीत पाणी भरलं नाही तर जोर नाही, आणि मातीने फार विरोध केला तरी वाढ नाही. जमिनीची कठीणता मोजायची तर टोकदार सळई दाबून लागणारा दाब बघतात. तो सुमारे २ मेगापास्कलला, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला वीस किलोच्या आसपास पोचला की बहुतेक पिकांची मुळं भेगा किंवा जुनी बिळं सापडल्याशिवाय पुढे जात नाहीत. आपली काळी माती ओली असताना मऊ असते. ती वाळली की हा आकडा फार लवकर गाठते. शिवाय ती आकसते, भेगा पडतात आणि भेगेच्या आडव्या गेलेल्या बारीक मुळ्या अक्षरशः ताणून तुटतात. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उघड्या काळ्या वावरात वरच्या चार-सहा इंचांत जिवंत पांढरं टोक शोधूनही सापडत नाही.

इथे ट्रॅक्टरचं बोलायलाच हवं. ओल्या काळ्या जमिनीत फवारणीचा ट्रॅक्टर दोन ओळींमधून पुन्हा पुन्हा गेला की चाकोरीखालची माती दाबली जाते. दाबलेल्या मातीत फक्त कठीणपणाचाच त्रास नसतो. मुळातून निघणारा इथिलीन वायू एरवी मातीच्या पोकळ्यांतून निघून जातो. पोकळ्या बंद झाल्या की तो टोकाभोवती साठतो आणि टोक स्वतःच लांबणं थांबवून जाड होतं. २०२१ साली भातावरच्या कामातून हे स्पष्ट झालं. इथिलीनची जाणीव नसलेली भाताची रोपं त्याच दाबलेल्या मातीतून आरपार गेली. तेव्हा दाबलेल्या मातीत मूळ अडतं ते पुष्कळदा जोर अपुरा पडतो म्हणून नव्हे, त्याला थांबण्याचा निरोप मिळतो म्हणून. तुमच्या बागेत चाकाखालच्या पट्ट्यात आणि झाडाच्या सावलीत अशा दोन ठिकाणी फावड्याने उकरून बघा. फरक डोळ्यांना दिसेल.

मूळ खाली कसं जातं, हा प्रश्न तुमच्या मुलाला आवडेल. १८०६ साली टॉमस नाइट यांनी पाण्याच्या प्रवाहावर फिरणाऱ्या चाकाला बिया बांधल्या. चाक फिरताना ओढ बाहेरच्या बाजूला बसते; मुळं त्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब आतल्या बाजूला. म्हणजे मुळाला वजनाची ओढ कळते हे ठरलं. ती कुठे कळते, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये पुढे आणलं. शेंड्याचा बारीक तुकडा काढलेलं मूळ वाढत राहतं, पण खाली वळायचं विसरतं. आज आपल्याला माहीत आहे की मूलटोपीच्या मधल्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. मूळ आडवं पडलं की ते काही मिनिटांत पेशीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात. त्यावरून ऑक्झिन हे संप्रेरक मुळाच्या खालच्या बाजूकडे जास्त वळवलं जातं. मुळात जास्त ऑक्झिन लांबण्याला आवर घालतं, म्हणून खालची बाजू मागे राहते, वरची लांबते आणि टोक खाली वळतं. जाणीव टोपीत, वळण थोडं मागे.

पाण्याबद्दल मात्र एक गैरसमज आपल्याकडे फार पक्का आहे, की मुळं लांबचं पाणी हुंगत जातात. कोरड्या मातीच्या पलीकडे दहा फुटांवर ओल आहे हे टोकाला कळत नाही. टोकाच्या एका बाजूला ओल जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर ते ओलीकडे वळू शकतं, पण हा फरक त्याच्या अंगाला लागलेल्या मातीतला असावा लागतो. खरा परिणाम मुळाला फुटणाऱ्या उपमुळांचा असतो. मुळाची जी बाजू ओल्या मातीला टेकलेली असते तिथे उपमुळं फुटतात, कोरड्या पोकळीकडच्या बाजूला फुटत नाहीत. जिथे तुम्ही ओल ठेवता तिथेच बारीक मुळ्यांचं जाळं होतं. खोडाला चिकटून दोन ड्रिपर ठेवले तर जाळं तिथेच अडकतं आणि खोडाची साल सतत ओली राहून डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळण्याच्या रोगाला, बोलावणं जातं. बारा वर्षांच्या झाडाला ठिबकाच्या नळ्या झाडाच्या पसाऱ्याच्या कडेखाली हव्यात. आळं करायचं तर दुहेरी करा, म्हणजे खोडाभोवती एक कोरडा बंद गोल आणि त्याच्या बाहेर पाण्याचं रिंगण. खतही त्याच बाहेरच्या रिंगणात. खोडाजवळ जाड मुळं आहेत, टोकं नाहीत. तिथे टाकलेलं स्फुरद जागेवरच बसून राहतं.

स्फुरद मातीत जवळजवळ चालतच नाही. मुळाभोवतीच्या मिलिमीटरभर मातीतलं संपलं की ते मूळ उपाशी, आणि पुढचं स्फुरद मिळवायला टोकाला नव्या मातीत जावंच लागतं. इथे मूलरोम मदतीला येतात. लांबण्याचा पट्टा संपला की लगेच मागे ते फुटतात. त्या पट्ट्यावरच फुटले असते तर मूळ सरकताना खुडले गेले असते. १९३७ मध्ये अमेरिकेत डिटमर यांनी राय या गव्हासारख्या धान्याचं चार महिन्यांचं एकच रोप मातीतून सोडवून मोजलं. मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरच्या वर भरली आणि मूलरोम सुमारे १४ अब्ज. संत्र्याचा हिशेब यापेक्षा वेगळा आहे. लिंबूवर्गीय झाडांना वावरातल्या मातीत मूलरोम थोडे आणि आखूड येतात. त्यांची जागा मुळांत राहणारी मायकोरायझा बुरशी घेते. तिचे तंतू टोकाच्या कितीतरी पुढे मातीत जातात आणि स्फुरद, जस्त आणून देतात. म्हणून संत्र्याच्या बागेत शेणखताला मी इतकं धरून बसतो, आणि म्हणूनच उगाचच्या बुरशीनाशकाच्या आळवण्या, म्हणजे मुळाशी औषध ओतणं, मला पटत नाहीत.

आता तुमच्या पिवळ्या पानांकडे येतो. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा आणि तेही नव्या पानांवर, म्हणजे बहुतेक लोहाची कमतरता. आपल्या काळ्या जमिनीत लोह भरपूर आहे, पण ते विरघळत नाही. संत्र्याचं मूळ त्यावर उपाय करतं. टोकाजवळचा भाग आम्ल सोडतो, लोहाचं रूप बदलून ते विरघळणारं करतो आणि आत घेतो. हे काम जुनं मूळ करत नाही. त्याचं आणखी एक कारण आहे. मुळाच्या आत, साल आणि मधला दोरा यांच्यामध्ये पेशींचं एक कडं असतं. त्या पेशींच्या भिंतींत जलरोधक पट्टी असते. रॉबर्ट कास्पारी यांनी १८६५ मध्ये तिचं वर्णन केलं. तिच्यामुळे पाण्यातून आलेले क्षार गाळल्याशिवाय आत जाऊ शकत नाहीत. टोकाजवळ ही पट्टी पुरती झालेली नसते आणि मागे जावं तसं कडं आणखी जाड, बंद होत जातं. म्हणून लोह आणि कॅल्शियम ही दोन्ही तरुण टोकांकडूनच जास्त येतात.

चुनखडीच्या जमिनीत टोकाने सोडलेलं आम्ल चुना लगेच मारून टाकतो. पावसात माती चिंब राहिली की कार्बन डायऑक्साइड अडकतो, बायकार्बोनेट वाढतं आणि अडचण दुप्पट होते. त्यावर टोकंच सडलेली असतील तर आम्ल सोडायला कोणी उरत नाही. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात अशी पिवळी पालवी दिसते. मातीत फेरस सल्फेट ओतून फायदा फार थोडा, चुनखडीत ते बघता बघता बांधलं जातं. तात्पुरतं पानांवरून द्या, किंवा जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट स्वरूपातलं, म्हणजे दुसऱ्या पदार्थाने धरून विरघळलेलं ठेवलेलं, लोह घ्या. ईडीटीए चिलेट आपल्या चढ्या सामूच्या (पीएचच्या) जमिनीत टिकत नाही आणि दुकानात नेमकं तेच हातात दिलं जातं, तेव्हा डब्यावर वाचून घ्या. माती तपासताना फक्त एनपीके लिहून आणू नका, मुक्त चुना किती आहे हे मागा. तो १० टक्क्यांच्या वर असेल तर ती जमीन संत्र्याची नाही.

पण तुमच्या बागेत खरं दुखणं साल निघणाऱ्या मुळ्यांचं आहे. ती फायटोप्थोरा या रोगजंतूची मूळकूज दिसते, आणि ती टोकाचीच बाधा आहे. पावसाने माती भरली की मातीतल्या पोकळ्यांत पाणी बसतं. पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मुळात सगळ्यात जास्त श्वास घेणारा भाग टोक, म्हणून पहिला फटका त्यालाच. अर्धमेलं टोक साखर आणि अमिनो आम्लं पाझरू लागतं. फायटोप्थोराचे पोहणारे बीजाणू नेमके त्या पाझराच्या दिशेने येतात, लांबण्याच्या पट्ट्यावर चिकटतात आणि थोड्याच वेळात आत शिरतात. साल कुजते, मधला दोरा तेवढा राहतो. पाणी साचण्याने एकटं जेवढं नुकसान झालं असतं त्याच्या कितीतरी पट नुकसान या दोघांच्या जोडीने होतं.

यात औषधाची एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. फायटोप्थोरा बुरशीसारखा दिसतो, बुरशी म्हणूनच ओळखला जातो, पण त्याचं कूळ वेगळं. कार्बेन्डाझिमचा त्याच्यावर परिणाम होत नाही. बागायतदार दरवर्षी कार्बेन्डाझिमच्या आळवणीवर पैसे घालतात आणि मुळं कुजतच राहतात, हे पाहून मला खरोखर वाईट वाटतं. मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबची आळवणी किंवा फोसेटिल-एएलची पानांवर फवारणी, मात्रा लेबलप्रमाणे, ही त्याची औषधं. फोसेटिलची खुबी अशी की पानांवर मारलं तरी ते अन्नाच्या वाटेने खाली मुळांपर्यंत जातं. तेच ते औषध वर्षानुवर्षं वापरू नका, रोगाला सवय होते. आणि पाणी निघायला वाट केली नाही तर कुठलंही औषध एक पावसाळाही पुरत नाही. उताराच्या दिशेने दर दोन ओळींनंतर फूटभर खोल चर काढा, पुढच्या पावसाळ्याच्या आधी. पैशाला सगळ्यात जास्त जागणारं काम हेच. एकदा नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत मुळं आणि माती घेऊन जा. डोळ्यांनी केलेलं माझं निदान तिथे पक्कं होईल.

आता उरलेलं अर्धं उत्तर, वखराने कापलेल्या मुळाचं. कापलेलं मूळ आपलं जुनं टोक परत आणत नाही. कापाच्या मागे, मधल्या दोऱ्याच्या बाहेरच्या थरातून नवी उपमुळं निघतात. तिथल्या काही पेशी पुन्हा विभागू लागतात, आत एक पूर्ण छोटं टोक तयार होतं, टोपीसकट, आणि ते साल फोडून बाहेर येतं. जुने बागायतदार मुळ्या छाटून बहार धरत, त्यांना हे फुटवे माहीत होते. पण फुटवा फुकट येत नाही. नवं टोक मुळातल्या साठवलेल्या स्टार्चवर वाढतं, आणि ते साल फोडून येतं तिथे सालीला काही काळ भेग राहते. रोगाला ती उघडी वाट. निरोगी, हलक्या जमिनीवरच्या, पानांनी भरलेल्या झाडाला हे झेपतं. तुमच्या झाडांच्या मुळ्या आधीच कुजलेल्या आहेत. त्यांना दरवर्षी पुन्हा नवी टोकं काढायला लावणं म्हणजे उपाशी माणसाच्या ताटातली भाकरी काढून घेणं आहे.

संत्र्याच्या पोषणाची मुळं मुख्यतः वरच्या फूट-दीड फुटात असतात. खोल वखर त्यांच्यातूनच जातो. झाडाच्या पसाऱ्याखाली लोखंड घालूच नका. तण कापा, कापलेलं तिथेच पसरा, सोयाबीनचं कुटार मिळालं तर त्याचा तीन-चार इंच थर खोड सोडून अंथरा. लिंबूवर्गीय मुळं २५ ते ३० अंशांच्या मातीत सगळ्यात चांगली वाढतात आणि ३५ च्या पुढे मंदावतात. उन्हाळ्यात उघड्या काळ्या मातीचा वरचा थर त्याच्या किती तरी वर जातो. आच्छादनाखाली हात घालून बघा, फरक तळव्याला कळतो.

ताणाचं म्हणाल तर ताणात टोकं झोपतात, पुष्कळशी मरतात. ताण तोडल्यावर पाणी मिळालं की नवी फुटतात. त्यांच्यातून सायटोकायनिन हे संप्रेरक पाण्याबरोबर वर जातं आणि कळ्या, पालवी यांना चालना मिळते. म्हणून ताण तोडताना एकदम आळं भरून पाणी देऊ नये. आंबवणीचं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं त्याहून थोडं जास्त, मग नेहमीचं. टोकं नसलेल्या झाडाखाली एकदम भरपूर पाणी म्हणजे पिणारा कोणी नाही आणि हवा मात्र गेली. शिवाय संत्र्यात मुळांची आणि पालवीची वाढ आळीपाळीने चालते. पालवी जोरात असताना मुळं शांत असतात, पालवी पिकून पानं कमवू लागली की मुळांची पाळी येते. नत्राचा हप्ता आणि पाणी या दुसऱ्या पाळीला साधलं तर टोकं जास्त मिळतात.

या वर्षी तुमच्या पिवळ्या झाडांना ताण देऊ नका. आपोआप जी फुलं येतील ती येऊ द्या आणि फळं लिंबाएवढी व्हायच्या आत विरळ करा. जड बहार मुळांच्या वाट्याचं अन्न ओढून नेतो. फ्लोरिडात मर्कॉट या संत्र्यासारख्या जातीच्या झाडांवर अति फळ आलं की मुळांतला स्टार्च संपून झाडंच बसत, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. ज्या झाडांची पानं अजून गर्द हिरवी आहेत त्यांना नेहमीप्रमाणे ताण द्या, फक्त वखर न घालता. भारी जमिनीत वखराशिवाय ताण बसायला दिवस जास्त लागतात, पानं किंचित मलूल होईपर्यंत थांबा, पानगळ सुरू होऊ देऊ नका.

सुधारणा मोजायची ती पानांवर नको, ती उशिरा दिसते. पावसाळ्यानंतर आणि ताण तोडल्यावर तीन आठवड्यांनी पसाऱ्याच्या कडेखाली एक वीत रुंद, एक वीत खोल ढेकूळ काढा. ते बादलीतल्या पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या आणि उरलेल्या मुळ्या पांढऱ्या ताटात पसरवा. जिवंत टोक पांढरं किंवा फिकट पिवळसर, टणक, शेंड्याला अर्धपारदर्शक असतं. मेलेलं तपकिरी आणि मऊ, चिमटीत धरलं की साल सरकते. दहा-बारा झाडांखालून काढून पांढरी टोकं जास्त की तपकिरी एवढंच वहीत लिहा. मुलाला भिंग घेऊन बसवा. बारावीच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाच्या टोकातल्या विभागणाऱ्या पेशी तो पाहणारच आहे, घरच्या संत्र्याचं टोक पाहिलं तर त्याला ते जास्त कळेल.

‘रूट बूस्टर’ म्हणून विकतात त्या बाटल्यांबद्दलही तुम्ही विचारणार हे मला माहीत आहे. ह्युमिक आम्लाने चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत थोडी मदत होते. ऑक्झिनवर्गीय संप्रेरकांनी उपमुळांची संख्या वाढते पण लांबी कमी होते, आणि मात्रा जरा जास्त झाली की टोकं जाडजूड होऊन थांबतात. पाणी साचलेल्या मातीत यातलं काहीच चालत नाही. तो खर्च चर काढण्यात घाला.

मेलेल्या झाडांच्या नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा, भरायच्या असतील तर जंबेरीऐवजी रंगपूर लाईम खुंटावरची कलमं घ्या, भारी जमिनीत तो मूळकुजीपुढे जास्त तग धरतो. कलमजोड जमिनीपासून वीतभर तरी वर हवी, आणि लावायची ती सपाट खड्ड्यात न लावता गादीवाफ्यावर. शेंदूरजनाघाट, वरूडकडून रोपं आणताना पाच-दहा पिशव्या तळाकडून फाडून बघितल्याशिवाय सौदा करू नका. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात, आणि एकदा गुंडाळलेलं मूळ त्याच वळणात जाड होतं, ते पुढे सरळ होत नाही. असं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. वळण थोडंच असेल तर लावताना धारदार ब्लेडने तळाचा गुंडाळलेला भाग कापून टाका. कापाच्या मागून नवी टोकं फुटतील, ती मोकळ्या मातीत सरळ जातील.